'तिला सोसत नाही' : चौदा मिनिटांच्या लघुपटाच्या नोंदी

काम असं : सायकॉलॉजिकल थ्रिलर, मुख्य पात्रं दोनच. आई मुलीला आजारी ठेवते, घराबाहेर पडू देत नाही. मिरजेतलं जुनं घर, सहा जणांचा चमू, नोकऱ्या सांभाळून शूटिंग, हातात ४०,००० रुपये. अशा विषयाला कुणी हात घालणार असेल तर आमचे पैसे आणि दिवस कुठे बुडाले ते कळावं म्हणून लिहून ठेवतेय. मध्ये दोन-तीन परदेशी सिनेमांचा उल्लेख येईल, त्यांतलं थोडंफार फुटेल. त्याला इलाज नाही.

२ जून २०२४, रविवार

पटकथेचा पहिला खर्डा संपला. बावीस पानं. महिनाभर रात्री जागून या जातीचे सिनेमे बघितले, ते पानापानावर दिसतंय. अनीश चगंटीचा २०२० चा 'रन' तर मी जवळजवळ उचललाच होता. व्हीलचेअरवरची मुलगी, तिला औषधं भरवणारी आई आणि मुलीच्या मनात संशय पेरणारी एक कॅप्सूल.

व्हीलचेअर आज काढली. 'रन'मधली किएरा ॲलन प्रत्यक्षातही व्हीलचेअर वापरते. ती खुर्ची कशी वळवते, कशी अडते, यात अभिनय नाही, रोजची सवय आहे. आमच्याकडे मुलीचं काम करणारी नटी धडधाकट. तिला आठ दिवसांत ते यायचं नाही आणि तिच्याकडून करून घेऊही नये. दुसरं कारण याहून साधं. आज घर बघायला गेलो तर प्रत्येक दाराला चार इंचांचा उंबरा आणि न्हाणीघर परसात. खुर्ची माजघरातून स्वयंपाकघरातसुद्धा जाईना. घर आधी बघायचं आणि मग लिहायचं, हे मी उलट केलं. सहा पानं गेली.

आता आजार असा ठेवलाय की डोळ्यांना दिसत नाही. चक्कर, धाप, अशक्तपणा. त्यासाठी मिरज बरी. दवाखान्यांचंच गाव, कर्नाटकातूनही माणसं इथे उपचाराला येतात. एका डॉक्टरने "हिला काही झालेलं नाही" म्हटलं की आई फाईल काखोटीला मारून पुढच्या गल्लीत दुसऱ्याकडे. हे इथे कुणाला खोटं वाटणार नाही.

९ जून, रविवार

घर ब्राह्मणपुरीत मिळालं. घरमालकीण सत्तरीच्या, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. भाडं नको, फक्त चपला बाहेर काढा म्हणाल्या.

सुतार बोलावून मुलीच्या खोलीला बाहेरून नऊ इंची बोल्ट आणि जाड कडी-कोयंडा बसवला. खिडकीला प्लायवूडच्या पट्ट्या मारल्या. सामान-मजुरी मिळून २,३५०. दार जुन्या सागवानाचं. स्क्रू मारायची परवानगी मी आजींच्या मुलाकडून फोनवर घेतली होती, आजींकडून नाही. सुतार ड्रिल लावत होता तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या आत जाऊन बसल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

२३ जून, रविवार

काल-आज चाचणी शूट. दोन एलईडी लाइट भाड्याने, दिवसाला ८००. निळसर अंधार, आईच्या चेहऱ्यावर खालून उजेड, बोल्ट सरकल्याचा आवाज. रात्री कच्चं जोडून घरच्या चौघांना दाखवलं.

बोल्ट सरकतो त्या शॉटला आत्या हसली. म्हणाली, "अगं, भिंतीला भिंत लागून घरं. आपण शिंकलो तर पलीकडचा 'सत्य आहे' म्हणतो. ही पोरगी एकदा ओरडली तर अख्खी गल्ली दारात येईल. कोण कोंडून ठेवणार हिला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा प्रसंग त्याहून आपटला. १९७६ च्या 'कॅरी'मध्ये आई मुलीला कपाटवजा खोलीत ढकलते आणि प्रार्थना करायला लावते. पायपर लॉरीने ती आई अशी केलीय की अंगावर काटा येतो. मी त्याचं मराठीकरण म्हणून मुलीला देवघरात कोंडलं होतं. या घरातलं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला एक कोनाडा. आम्ही शेजारच्या खोलीलाच देवघर बनवलं, आणि चौघांपैकी एकालाही ते पटलं नाही. दोष खोलीचा नव्हता. तिकडची आई पापाची भीती घालते. इकडची आई दृष्ट काढते. कुणी पाहुणी "किती गोड दिसते हो" म्हणाली की ती गेल्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. चार वेळा असं झालं की पाहुण्यांनी येणंच बंद. प्रसंग बदलला, खर्च शून्य.

३० जून, रविवार

आठवडाभर खऱ्या घटना वाचल्या. हे काम मी सिनेमे बघायच्या आधी करायला हवं होतं.

अमेरिकेतल्या डी डी ब्लँचर्डने जिप्सी रोज या आपल्या मुलीला वर्षानुवर्षं आजारी म्हणून वाढवलं. चालता येत असून व्हीलचेअरवर बसवलं, डोकं भादरलं, पोटात नळी घालून अन्न दिलं, वयसुद्धा कमी करून सांगितलं. जून २०१५ मध्ये मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला आईचा खून झाला. २०१६ मध्ये मुलीला त्यासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबर २०२३ मध्ये ती सुटली. माझ्या कामाची गोष्ट वेगळीच निघाली. ते घर एका सेवाभावी संस्थेने बांधून दिलेलं होतं. लोक त्या बाईचं कौतुक करत होते. आत काय चाललंय हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं.

बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीला खर्डा वाचायला दिला. तिने एका वाक्यात निकाल लावला, "तुझी आई पहिल्या पानावरच पकडली जाईल." अशा आया वॉर्डात सगळ्यांत गुणी दिसतात म्हणे. डोस पाठ असतात, सिस्टरना घरून डबा आणतात. रॉय मेडो या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन उदाहरणं मांडून या प्रकाराला नाव दिलं, त्यातल्या दोन्ही आयासुद्धा डॉक्टरांशी गोड बोलणाऱ्या, सहकार्य करणाऱ्याच होत्या. मैत्रिणीची एकच अट : पडद्यावर कुठल्याही औषधाचं नाव दिसता कामा नये. मान्य.

७ जुलै, रविवार

दोन दिवस बसून सगळं नव्याने लिहिलं. बोल्ट गेला, पट्ट्या गेल्या, रात्रीचे प्रसंग गेले. सगळं दिवसाउजेडी, दार उघडं, शेजारीण येऊन-जाऊन. मिखाएल हानेकेच्या 'द पियानो टीचर'मध्ये (२००१) मुलगी चाळिशीकडे झुकलेली, स्वतः कमावती, व्हिएन्नाभर फिरते, आणि तरी झोपते आईच्या शेजारी, त्याच पलंगावर. कुलूप कुठेच नाही. हे मी जूनमध्येच बघितलं होतं, पण तेव्हा डोक्यात बोल्ट होता.

नवा आराखडा : मुलीला वाटतं आपण सोळा वर्षांच्या आहोत. शाळा लहानपणीच सुटलीय. शेजारची मुलगी म्हणते, दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा देता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखला ट्रंकेत सापडतो आणि त्यावरच्या जन्मतारखेने मुलगी एकोणीस वर्षांची निघते.

आईचं हत्यार म्हणून एकच वाक्य धरलं, "तिला सोसत नाही." वारं सोसत नाही, दही सोसत नाही, जिना सोसत नाही. खर्ड्यात ते अकरा वेळा आलं. मोठ्याने वाचल्यावर निवडणुकीची घोषणा वाटायला लागली. चारवर आणलं. आई मुलीला नावाने कधीच हाक मारत नाही, "सोन्या" म्हणते. मुलीचं नाव प्रेक्षकाला पहिल्यांदा दिसतं ते दाखल्यावर.

२७ जुलै, शनिवार

आज पहिला दिवस ठरला होता. कृष्णेचं पाणी चढतंय. आईचं काम करणाऱ्या काकू सांगलीत नदीकडच्या भागात राहतात. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तिकडची माणसं ४५ ची वाट बघत नाहीत. काकू सामान माळ्यावर चढवण्यात गुंतल्या. लेन्स (९००) आणि साउंडचं सामान (१,२००) घेऊन ठेवलं होतं, एका दिवसाचं भाडं गेलं. २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाने जुलैच्या शेवटी सांगलीच्या नटीला तारीख द्यावी, याला काय म्हणावं.

१० ऑगस्ट, शनिवार

पहिला खरा दिवस. प्रकाश फक्त खिडकीचा, समोर आजींची पांढरी चादर दोरीवर टांगली. जूनमधल्या लाइटचे १,६०० रुपये आठवून जीव जळला.

फ्रिजची घरघर माइकमध्ये येत होती म्हणून सकाळी नऊला बंद केला. जुनी युक्ती अशी की फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. युक्ती मला ठाऊक होती. किल्ली मात्र माझ्या पर्समध्ये होती. रात्री साडेदहाला आजींचा फोन. दोन लिटर दूध, अर्धा किलो खवा. ६४० रुपये दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिले, आधी घेईनात, मग घेतले.

दुसरा घोळ कॅप्सूलचा. रिकाम्या कॅप्सूल आणून पिठीसाखर भरून ठेवल्या होत्या. ऑगस्टची दमट हवा. दुपारपर्यंत कवचं मऊ पडून एकमेकांना चिकटली. त्यातल्या त्यात बऱ्या वेगळ्या करून बशीत मांडल्या, जेवायला गेलो. परत आलो तर बशीला मुंग्यांची रांग.

मी वैतागून बशी उचलणार तोच कॅमेरावाला मित्र म्हणाला, "हात लावू नकोस." ५० मिमीची लेन्स लावून त्याने ती रांग सव्वादोन मिनिटं घेतली. एक मुंगी कॅप्सूलच्या टोकावर चढते, तिथेच घुटमळते.

औषधाला मुंग्या लागतात का? मुलीला संशय यायला एवढं बस होतं. 'रन'ची कॅप्सूल सुटली, आमची आम्हाला मिळाली. डब्यांमागे बसून उरलेली पटकथा बदलली. डॉक्टर काही लिहून देत नाहीत म्हणून ही आई रात्री स्वयंपाकघरात बसून स्वतःच औषध बनवते, साखर भरून. मुलगी अशक्त आहे ती रोजच्या मेतकूट-भातावर आणि दिवसभर पडून राहण्यामुळे. विष वगैरे काही नाही. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग हिला मी करू शकते."

११ ऑगस्ट, रविवार

शेजारणीचे प्रसंग. "धन्य आहे हो तुमची, दुसरी असती तर कंटाळली असती." शेजारीण झालेली बाई पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर, पण हे वाक्य इतकं खरं म्हणाली की एकाच टेकमध्ये झालं. बाकी दिवस सुरळीत. पोहे जास्त झाले.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी म्हणून तारीख घेतली. सुट्टी सगळ्या गल्लीलाच होती. सकाळी सातपासून कर्ण्यावर देशभक्तीपर गाणी. साडेबारापर्यंत एक फ्रेम घेतली नाही.

दुपारी वेणीचा प्रसंग. आमच्या मुलीचा बॉबकट, म्हणून ७५० चं गंगावन. दुसऱ्या टेकला आईने वेणी ओढली आणि गंगावन पुरं हातात आलं. काकू ते धरून तशाच बसल्या, मुलगी तेल थापलेल्या बॉबकटात वळून बघतेय. दहा मिनिटं कुणाला उभं राहता येईना. मग काळ्या पिना, मुळाशी दोऱ्याचे दोन टाके. टिकलं.

सहाव्या टेकला जे घडलं ते लिहिलेलं नव्हतं. वाटीत तेल कोमट केलेलं. काकूंनी तळव्यावर घेतलं, कंगव्याच्या शेपटाने भांग पाडला, पेड घातले. "दुपारी कोण आलं होतं?" संवाद एवढाच. मुलगी उत्तर द्यायला मान वळवायला गेली. काकूंनी कंगवा दातांत धरला होता, वेणी मुठीत. त्यांनी ओढली नाही, फक्त सोडली नाही. मान अर्ध्यावर थांबली. मुलगी परत समोर बघायला लागली आणि भिंतीला म्हणाली, "कुणी नाही." काकूंनी पुढचा पेड घातला.

नऊ इंची बोल्टचं काम झालं होतं. मी 'कट' म्हणायला विसरले, त्यामुळे काकूंनी शांतपणे रिबीन बांधली आणि मुलीच्या पाठीवर थोपटलं. तेही ठेवलंय.

१७ ऑगस्ट, शनिवार

दाखल्याचे शॉट. नमुना संगणकावर करून जुन्या पिवळट कागदावर छापला, चहाचं पाणी मारलं, इस्त्री केली. झकास दिसत होता. क्लोजअप घेऊन झाल्यावर मुलीनेच वाचलं : अंकी जन्मतारीख २००५ ची आणि अक्षरी 'सन दोन हजार आठ'. अख्खी गोष्ट ज्या तीन वर्षांवर उभी, तीच मी चुकवली. झेरॉक्सवाल्याकडे धावलो, पुन्हा छापला, पुन्हा चहा. दोन तास. असा कागद दाखवणार असाल तर तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. करणाऱ्याला चूक दिसत नाही.

शेवट अजून ठरलेला नव्हता. अर्ध्यांना मुलगी पळून जायला हवी होती, अर्ध्यांना नको. तेवढ्यात आजींनी सकाळी दिलेल्या शिऱ्याचं भांडं काकू परत देत होत्या. धुतलेलं भांडं, त्यात चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही.

शेवट मिळाला. शेजारची मुलगी दारात येते, "चल ना, नुसती कोपऱ्यापर्यंत." आई मागे उभी. मुलगी स्वतःच म्हणते, "मला सोसत नाही." आणि शेजारणीची वाटी परत देते. आईनेच वाटीत साखर घातलेली. साखरेखाली घडी केलेला दाखला. चार टेक. पहिल्या तिन्हीत घडीचं टोक साखरेतून वर दिसत होतं. चौथ्याला वाटीच बदलली, खोल घेतली.

जाता जाता : आजच लक्षात आलं की दारातून बोल्ट काढला तरी स्क्रूची भोकं मागे दिसताहेत. लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरला. लांबून खपतं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मुलीचे दोन संवाद पुन्हा रेकॉर्ड करायचे होते. खिडक्या लावून, गोधड्या टांगूनही ढोल येतोच. चार तास फुकट. मिरजेत विसर्जन होईपर्यंत माइक काढायचा नाही, मंडपाआधीच सगळं उरकायचं. वर आणखी एक चूक कळली : वेणीच्या प्रसंगानंतर खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची राहिली. संकलनात दोन वाक्यांमध्ये भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

संगीताला पैसे नव्हते. सतारमेकर गल्लीत एका कारागिराकडे अर्धा दिवस बसले. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा नाद खुलवत होते. घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) कानशीने घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा घालून कणाकणाने सरकवायचा. दोरा जागेवर नसला की तार मुकी वाजते. जागेवर आला की एकदम झणझणून खुलते. त्यांच्या परवानगीने चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. चित्रपटभर मुकी तार, मध्ये कानशीची घासघास. वाटी दाराबाहेर जाते तिथे जवारी खुलते. कारागिरांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

२८ सप्टेंबर, शनिवार

संकलन बंद. एकोणीस मिनिटांवरून चौदा. ट्रंक शोधण्याचा अडीच मिनिटांचा प्रसंग गेला; तो धडधड वाढवायला घेतला होता आणि तिथेच जांभया येत होत्या. मुंग्या सव्वादोन मिनिटांवरून सव्वीस सेकंदांवर. कॅमेरावाला मित्र दोन दिवस बोलला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आजींच्या माजघरात चादर लावून तीस-एक माणसांना दाखवला. बोल्टला हसलेली आत्या वेणीच्या प्रसंगाला स्वतःची वेणी पुढे घेऊन बसली. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाल्या, "पण करते हो ती पोरीचं, तसं नाही." मी हे लिहून घेतलं.

हिशेब. लेन्स ४,५००, साउंडचं सामान ६,०००, लाइट १,६००, सुतार २,३५०, जेवणखाण ११,२००, दोघींचं मानधन १३,०००, किरकोळ वस्तू गंगावनासकट १,९००, ध्वनिमिश्रण १२,०००, आजींचं दूध-खवा ६४०. एकूण ५३,१९०. त्यातले ६,६९० निव्वळ वाया : लाइट, सुतार, पुराचा दिवस आणि फ्रिज. ध्वनिमिश्रण अंदाजपत्रकात धरलंच नव्हतं, ते मुळात धरा.

राहिलेला दोष : आठव्या मिनिटाला उशीवरचा तेलाचा डाग डावीकडे आहे, नवव्याला उजवीकडे. तसाच ठेवलाय.

चादर काढून झाल्यावर आजींना म्हटलं, पुढच्या रविवारी सुतार आणून दाराची भोकं नीट बुजवून देते. त्या म्हणाल्या, बुजवू नकोस, तो बोल्टच परत लावून दे. "तुम्ही काढल्यापासून मांजर दार ढकलून आत येतंय." बाहेरूनच ना, म्हणून विचारलं. "बाहेरूनच."

बोल्ट माझ्या गाडीच्या डिकीत होता. स्क्रू दोन कमी भरले, ते उद्या आणते.